विश्लेषण : सरावातल्या एका दुखापतीने चार्जर्सची तटबंदी कशी खिळखिळी झाली?

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) लॉस एंजेलिस चार्जर्सचा २०२५ चा हंगाम ११ जानेवारी २०२६ रोजी न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध ३-१६ अशा पराभवाने संपला. या पराभवाची पाळेमुळे पाच महिन्यांपूर्वीच्या एका सराव सत्रात सापडतात. हंगाम सुरू होण्याआधीच आक्रमक फळीतील सर्वांत महागडा खेळाडू जायबंदी झाला. तरीही संघाने ११ सामने जिंकले आणि बाद फेरी गाठली. मग त्यांचे नेमके कुठे चुकले? अशा दुखापतीला संघ कसे तोंड देतात आणि त्याची किंमत कोण मोजतो?

७ ऑगस्टला काय घडले?

जुलै २०२५ च्या अखेरीस चार्जर्सने रशॉन स्लेटर या लेफ्ट टॅकलशी चार वर्षांचा वाढीव करार केला. त्याची रक्कम ११ कोटी ४० लाख डॉलर, म्हणजे सुमारे एक हजार कोटी रुपये होती. यातील नऊ कोटी २० लाख डॉलरची हमी देण्यात आली होती. त्या क्षणी वार्षिक सरासरीचा विचार करता तो आक्रमक फळीतील सर्वाधिक मानधनाचा खेळाडू ठरला. दोन आठवडेही उलटले नव्हते, तोच ७ ऑगस्टला एल सेगुंडो येथील सराव केंद्रात त्याच्या डाव्या पायाला दुखापत झाली आणि त्याला गाडीवरून मैदानाबाहेर न्यावे लागले. गुडघ्याची वाटी नडगीच्या हाडाला जोडणारी पटेलर टेंडन ही कंडरा फाटल्याचे तपासणीत निष्पन्न झाले. शस्त्रक्रिया अटळ होती. एकही सामना न खेळता स्लेटरचा हंगाम संपला.

ही दुखापत सामन्यात झाली नव्हती, प्रतिस्पर्ध्याच्या धसमुसळेपणामुळेही नव्हती. सराव कमी करून अशा दुखापती टाळाव्यात, असा प्रयत्न लीग आणि खेळाडूंची संघटना बराच काळ करत आहेत. पूर्ण कवच घालून दिवसातून दोनदा सराव करण्याची जुनी पद्धत २०११ च्या करारानंतर बंद झाली. मात्र दीडशे किलोंच्या आसपास वजनाच्या खेळाडूंनी एकमेकांना ढकलण्याचा सरावच केला नाही, तर ते सामन्यासाठी तयार होणार कसे, हा पेच कायम आहे.

आक्रमक फळी म्हणजे काय?

अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन्ही संघांचे ११-११ खेळाडू मैदानात असतात. आक्रमण करणाऱ्या संघात मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल अशी पाच धिप्पाड खेळाडूंची फळी उभी राहते. एरवी हे पाच जण चेंडू घेऊन धावत नाहीत किंवा पासही झेलत नाहीत. धावणाऱ्या सहकाऱ्यासाठी वाट मोकळी करणे आणि पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपर्यंत प्रतिस्पर्ध्यांना पोहोचू न देणे, हे त्यांचे काम. धावफलकावर त्यांचे नाव क्वचितच येते. चूक झाली, की मात्र समालोचक हमखास नाव घेतो.

आपल्याकडच्या वाचकाला ही फळी समजून घ्यायची, तर कबड्डीतील साखळी आठवावी. चढाईपटूला पकडताना एकाचा हात सुटला, तर शेजारच्याचा जोर वाया जातो. आक्रमक फळीचेही तसेच आहे. प्रतिस्पर्धी जागा बदलत, आडवे-तिडवे घुसत येतात. त्यातला कोणता गडी कधी शेजाऱ्याच्या हवाली करायचा आणि कोणता आपण रोखायचा, हा निर्णय क्षणार्धात आणि बहुतेकदा न बोलता घ्यावा लागतो. परक्या मैदानावरील गोंगाटात तर हाकही ऐकू येत नाही. हा समन्वय शेजारी शेजारी उभे राहून केलेल्या शेकडो सरावांतून येतो. त्यामुळे पाचांपैकी एक बदलला, तर त्याच्यासोबत त्याच्या शेजाऱ्याचे गणितही बदलते.

डाव्या बाजूला इतके मोल का?

बहुतांश क्वार्टरबॅक उजव्या हाताने पास फेकतात. चार्जर्सचा जस्टिन हर्बर्टही उजव्या हाताचा आहे. पास फेकण्यासाठी तो अंग वळवतो, तेव्हा त्याची पाठ डावीकडे असते आणि तिथून येणारा हल्लेखोर त्याला दिसत नाही. या ‘अंध’ बाजूचा पहारेकरी म्हणजे लेफ्ट टॅकल. सर्वांत चपळ बचावपटूंना मोकळ्या जागेत, एकट्याने, मागे मागे सरकत रोखणारा धिप्पाड खेळाडू दुर्मीळ असतो आणि म्हणूनच महाग असतो. अलीकडे बचावपटू दोन्ही कडांवरून हल्ला करतात. त्यामुळे उजव्या टॅकलचे मोलही वाढले आहे. चेंडू फेकायला क्वार्टरबॅकला सरासरी अडीच-तीन सेकंद मिळतात. यातला अर्धा सेकंद कमी झाला, तरी चालीचा बेत फसू शकतो.

हर्बर्टशी चार्जर्सने २०२३ मध्ये पाच वर्षांसाठी २६ कोटी २५ लाख डॉलरचा करार केला होता. म्हणजे स्लेटरच्या मानधनाकडे या गुंतवणुकीचा विमा म्हणूनही पाहता येते.

बदली खेळाडू आणणे सोपे का नसते?

पहिले कारण बाजाराचे. चांगले टॅकल बहुधा नवोदितांच्या निवड प्रक्रियेतून, म्हणजे ड्राफ्टमधून मिळतात आणि संघ त्यांना सहसा सोडत नाहीत. मार्चमध्ये खुला बाजार सुरू होतो. ऑगस्टपर्यंत त्यात उरतात ते वयस्कर, दुखापतींतून सावरणारे किंवा इतरांनी नाकारलेले खेळाडू. दुसरे कारण पैशाचे. २०२५ मध्ये प्रत्येक संघाला मानधनावर २७ कोटी ९२ लाख डॉलरची कमाल मर्यादा होती आणि जायबंदी खेळाडूचे मानधनही या मर्यादेत धरले जाते. खेळाडू मैदानाबाहेर गेला, तरी त्याचा खर्च हिशेबातून जात नाही.

तिसरे कारण संख्येचे. सराव शिबिरात ९० खेळाडू असतात, पण हंगामासाठी ५३ जणांचाच चमू ठेवता येतो. सामन्याच्या दिवशी त्यातील ४८ जणांना उतरता येते आणि तेही आक्रमक फळीचे किमान आठ खेळाडू त्यात असतील तरच. म्हणजे पाच मुख्य खेळाडूंच्या मागे बहुधा तिघेच राखीव असतात. पाच जागांसाठी तीन राखीव म्हटल्यावर एकाच जागेत निष्णात असलेला खेळाडू परवडत नाही. तिथे ‘हरहुन्नरी’ खेळाडू लागतो आणि असा खेळाडू सर्व जागी थोडा थोडा कमी पडतो.

चार्जर्सने कोणता मार्ग निवडला?

मुख्य प्रशिक्षक जिम हार्बा यांच्याकडे एक उत्तर आधीपासून होते. त्याचे नाव जो आल्ट. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर निवडलेला, सहा फूट आठ इंच उंचीचा आल्ट नोत्र दाम विद्यापीठाकडून लेफ्ट टॅकल म्हणूनच खेळला होता. चार्जर्सकडे त्या जागी स्लेटर असल्याने पहिल्या हंगामात त्याला उजवीकडे उभे केले गेले. स्लेटर जायबंदी होताच आल्टला डावीकडे आणण्यात आले. त्याच्या उजव्या जागेवर ट्रे पिपकिन्स आला. २०२२ आणि २०२३ मध्ये हीच जागा सांभाळलेला पिपकिन्स २०२४ मध्ये गार्ड म्हणून खेळला होता.

कागदावर हा सर्वांत शहाणा पर्याय होता. सर्वांत अवघड जागी उरलेल्यांतला सर्वोत्तम खेळाडू गेला आणि त्याच्या जागी अनुभवी माणूस आला. मात्र डावी-उजवी बदलणे ऐकायला जितके सोपे, तितके करायला नसते. उभे राहण्याची ढब, आधी मागे सरकणारा पाय, आधी पुढे येणारा हात, सारे आरशातल्यासारखे उलटे होते. उजवा कोपरा सांभाळणाऱ्या कबड्डीपटूला डाव्या कोपऱ्यात उभे केले तर जे होईल, तेच इथे होते. आल्टच्या अंगात डावीकडची सवय आधीपासून होती, म्हणून ते निभावले.

या अदलाबदलीचा दुसरा परिणाम मात्र तितका नजरेत भरला नाही. एका जागेवरची दुखापत दोन जागांवरच्या बदलात रूपांतरित झाली. मेकाय बेक्टन हा राइट गार्डही त्याच वर्षी फिलाडेल्फिया ईगल्सकडून आलेला होता. म्हणजे फळीची संपूर्ण उजवी बाजू नवी झाली. शिवाय आल्ट हाच स्लेटरचा पर्याय होता. आल्टला पर्याय कोण, याचे उत्तर कच्चे राहिले. ऑगस्टच्या अखेरीस ह्यूस्टन टेक्सन्सकडून ऑस्टिन डेक्युलसला आणण्यात आले, पण तो इतरांचा राखीव खेळाडू होता.

डावपेचांत काय बदल करावे लागतात?

माणूस बदलून भागत नाही, तेव्हा प्रशिक्षक चालीच बदलतात. पहिला उपाय म्हणजे चेंडू लवकर सोडणे. लांब पासऐवजी छोटे, झटपट पास द्यायचे, म्हणजे दुबळ्या टॅकलला फार वेळ तग धरावा लागत नाही. दुसरा उपाय मदतीचा. टाइट एन्ड किंवा रनिंग बॅकने स्वतःच्या धावेवर निघण्याआधी कडेच्या हल्लेखोराला एक धक्का द्यायचा किंवा मागेच थांबायचे. तिसरा उपाय, धावत्या चाली वाढवायच्या. त्यात टॅकल मागे हटण्याऐवजी पुढे मुसंडी मारतो. चौथा, क्वार्टरबॅकला एका जागी उभे न ठेवता कमकुवत बाजूपासून दूर पळवायचे.

यातला प्रत्येक उपाय उसनवारीचा असतो. पाच जणांची फळी आणि क्वार्टरबॅक वगळता पास झेलू शकणारे पाच खेळाडू उरतात. त्यातले दोघे टॅकलच्या मदतीला थांबले, तर पुढे तिघेच जातात आणि त्यांच्यावर नजर ठेवायला प्रतिस्पर्ध्याकडे सहा-सात जण मोकळे असतात. सतत छोटे पास दिले, तर बचाव करणारा संघ पुढे सरकून उभा राहतो आणि मग धावण्याची वाटही बंद होते. दुबळेपणा एका टॅकलचा असतो, पण आक्रमणातील पर्याय सगळ्यांचेच आटतात. शिवाय यातला बराच भार क्वार्टरबॅकच्या पायांवर पडतो. संरक्षण ढासळले की हर्बर्ट स्वतः धावून वेळ काढतो. त्यामुळे चाल वाचते, पण अंगावर येणारे धक्के वाढतात.

योजना कुठे फसली?

सुरुवात तर स्वप्नवत झाली. ५ सप्टेंबरला ब्राझीलमधील साव पावलो येथे चार्जर्सने कॅन्सस सिटी चीफ्सला २७-२१ असे हरवले. हर्बर्टने तीन टचडाउन पास दिले. पाठोपाठ रेडर्स आणि ब्रॉन्कोसही हरले. तीन सामन्यांत तीन विजय मिळाल्याने स्लेटरविना निभावता येते, असे वाटू लागले.

२८ सप्टेंबरला न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध आल्टचा घोटा दुखावला. तो सामना चार्जर्सने १८-२१ असा गमावला. आल्टला दुखापत झालेला हा सामना धरून चारपैकी तीन लढती त्यांनी गमावल्या. याच काळात पिपकिन्सही जायबंदी झाला. आता दोन्ही कडांवर राखीव खेळाडूंचे राखीव उभे होते. ऑक्टोबरच्या अखेरीस आल्ट परतला आणि व्हायकिंग्जवर ३७-१० असा दणदणीत विजय मिळाला. एका खेळाडूने किती फरक पडतो, याचा याहून स्पष्ट दाखला शोधावा लागणार नाही. पण २ नोव्हेंबरला टेनेसी टायटन्सविरुद्ध त्याच घोट्याने पुन्हा दगा दिला आणि सहा सामन्यांतच आल्टचा हंगाम संपला. दोन दिवसांनी, खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी चार्जर्सने न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून ट्रेव्हर पेनिंगला मिळवले. त्यानंतर फळीची मांडणी वारंवार बदलत राहिली.

म्हणजे पहिल्या दुखापतीचे उत्तर संघाकडे होते, दुसरीचे नव्हते. हा धडा त्यांना नवा नव्हता. २०२२ मध्ये तिसऱ्याच सामन्यात स्लेटरच्या दंडाला दुखापत झाली होती. तेव्हा ड्राफ्टच्या सहाव्या फेरीत निवडलेल्या जमारी सेलियर या नवोदिताने डावी बाजू सांभाळली होती. तो प्रयोग निभावला गेला, हीच कदाचित पुढच्या गाफीलपणाची सुरुवात ठरली.

इतर संघांचा अनुभव काय सांगतो?

२०२२ मध्येच दोन मोठ्या संघांवर हंगामापूर्वी हीच वेळ आली होती. डॅलस काउबॉइजचा लेफ्ट टॅकल टायरन स्मिथ ऑगस्टच्या अखेरीस सरावात जायबंदी झाला. पहिल्या फेरीत निवडलेला नवोदित टायलर स्मिथ गार्ड म्हणून तयारी करत होता. त्याला थेट डावीकडे नेण्यात आले. सोबतीला ४० वर्षांच्या जेसन पीटर्सला करारबद्ध करून आणखी एक पर्याय हाताशी ठेवला गेला. डिसेंबरमध्ये राइट टॅकल टेरेन्स स्टीलही जायबंदी झाला, तेव्हा बरा होऊन परतलेला टायरन त्याच्या जागी उभा राहिला. डॅलसने त्या हंगामात १२ सामने जिंकले. त्यांच्या उत्तरात एकाहून अधिक थर होते.

टॅम्पा बे बकानीअर्सचा अनुभव वेगळा होता. अली मार्पेट निवृत्त झाला होता, अॅलेक्स कॅपा दुसऱ्या संघात गेला होता आणि त्यात शिबिराच्या दुसऱ्याच दिवशी सेंटर रायन जेन्सनचा गुडघा गेला. फळीचा सगळा मध्यभाग बदलला. ४५ वर्षांच्या टॉम ब्रेडीने चेंडू इतक्या लवकर सोडला, की संपूर्ण हंगामात त्याला केवळ २२ वेळा चेंडूसह पाडता आले. वरकरणी हे संरक्षण भक्कम वाटते. प्रत्यक्षात लांब चाली आटल्या, धावत्या आक्रमणात संघ लीगमध्ये तळाला राहिला आणि ब्रेडीला कारकीर्दीत प्रथमच जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने अधिक असलेला हंगाम पाहावा लागला. फळीतील दुखापतीचा परिणाम क्वार्टरबॅक किती वेळा पाडला गेला, एवढ्यावरून मोजता येत नाही, हे या उदाहरणातून दिसते.

किंमत कोणी मोजली?

गुणतक्त्याला विचारले, तर कोणीच नाही. २०२४ मध्ये स्लेटर आणि आल्ट दोघेही असताना चार्जर्सने ११ सामने जिंकले आणि सहा गमावले. २०२५ मध्ये दोघे एकदाही एकत्र खेळले नाहीत, तरी आकडे तेच राहिले. संरक्षक फळीची भक्कम कामगिरी, कॅमेरॉन डिकरच्या अचूक किक आणि हर्बर्टची जिद्द यांनी ही तफावत झाकली.

हर्बर्टच्या शरीराला विचारले, तर उत्तर वेगळे मिळते. २०२४ मध्ये ४० च्या आसपास वेळा पाडला गेलेला हर्बर्ट या हंगामात ५० हून अधिक वेळा चेंडूसह जमिनीवर पडला. ३० नोव्हेंबरला रेडर्सविरुद्ध त्याच्या डाव्या हाताचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच आठवड्यात तो ईगल्सविरुद्ध मैदानात होता. त्या सामन्यात त्याला सात वेळा पाडण्यात आले. चार्जर्सने तो अतिरिक्त वेळेत २२-१९ असा जिंकला आणि हर्बर्टच्या धैर्याचे कौतुक झाले. कौतुक रास्तच होते. पण मोडलेल्या हाताच्या क्वार्टरबॅकला सात वेळा आपटू देणाऱ्या संघाची बाजू त्या कौतुकात झाकली गेली. बाद फेरीत पेट्रियट्सने त्याला सहा वेळा पाडले आणि चार्जर्सला एकही टचडाउन करता आला नाही.

अर्थात, सारे खापर दुखापतींवर फोडणेही योग्य नाही. आदल्या वर्षी दोन्ही टॅकल तंदुरुस्त असताना हाच संघ बाद फेरीत टेक्सन्सकडून १२-३२ असा हरला होता आणि हर्बर्टने चार वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिला होता. बाद फेरीतील तीनही सामने तो हरला आहे. मात्र यंदा त्याची पारख करण्याइतकी संधी त्याला मिळाली, असेही म्हणता येणार नाही.

पुढे काय?

पराभवानंतर काही दिवसांतच आक्रमणाचे समन्वयक ग्रेग रोमन आणि फळीचे प्रशिक्षक माइक डेव्हलिन यांना पदमुक्त करण्यात आले. एक टॅकल हंगामभर आणि दुसरा बहुतांश हंगामात नसताना प्रशिक्षकांना कितपत दोष द्यायचा, यावर मतभेद असू शकतात. परंतु दुबळी फळी झाकणाऱ्या चाली आखणे हेही समन्वयकाचेच काम असते.

येत्या हंगामात स्लेटर डावीकडे आणि आल्ट उजवीकडे परतावा, अशी चार्जर्सची अपेक्षा असेल. मात्र पटेलर टेंडनची दुखापत भल्याभल्यांची परीक्षा पाहते. मागे सरकताना आणि जोर लावून पुढे झेपावताना टॅकलचा सगळा भार याच कंडरेवर येतो. त्यामुळे ‘दोघे परतले की प्रश्न सुटला’ असे गृहीत धरणे म्हणजे गेल्या ऑगस्टमधली चूक पुन्हा करणे ठरेल. तिसरा भरवशाचा टॅकल ही चैन वाटते, कारण सारे सुरळीत असताना तो बाकावर बसून मानधन घेतो. तो नसला, तर काय होते, हे हर्बर्टने या हंगामात अंगावर झेलले.